जोडीची बशी

मधल्या चहाची वाट न पाहणारी त्या शिवणघरात एकटी धाकटीच होती.

बाकी सगळ्यांचा जीव सकाळपासून त्या चहात अडकलेला. दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांना घालायचे पाठीमागे नाडीचे झगे, असलं सगळं तिथे शिवलं जाई. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा बघून बघून डोळे चुरचुरायला लागत, यंत्रांच्या घरघरीने कानांत दडे बसत, आणि मग सकाळ अर्धीअधिक सरली की थोरली उठायची. अवघडलेले पाय जरा झटकायची. दाराशेजारच्या भिंतीवर लोखंडी पेटी होती, तिचा मोठा खटका दोन्ही हातांनी खाली ओढायची. एका दमात सगळी यंत्रं गप्प. त्या अचानक शांततेत कोणीतरी मोठ्याने जांभई द्यायचं, कोणाचं तरी पोट गुरगुरायचं, आणि सगळे हसायचे. झाला मधला चहा सुरू.

घंटा नव्हती. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नसे. थोरली उठली की वेळ झाली. जुने मालक म्हणायचे, घड्याळ एक वेळ मागे पडेल, बाई पडायच्या नाहीत.

आणखी एक रीत होती. खाणं जोडीच्या बशीत यायचं. शिवणघर नवीन होतं तेव्हा मालकीणबाईंनी घरातल्या बशा आणल्या, त्या निम्म्याच लोकांना पुरल्या. म्हणून समोरासमोरच्या दोघांत मिळून एक बशी. पुढे बशा ढीगभर झाल्या, तरी रीत तशीच राहिली. शेजारच्या बेकरीतून लोणी लावलेले गरम बन यायचे, एका बशीत एक. अर्धा तुझा, अर्धा माझा. जोडीदार कशात अडकला असेल तर त्याचा अर्धा झाकून ठेवायचा. आणि सगळ्या बशा रिकाम्या झाल्याशिवाय खटका वर करायचा नाही. हा शेवटचा नियम थोरलीने घातलेला. मालक घाई करायला आले तरी ती खटक्यापाशी उभी राहून, कापड कापणाऱ्या मास्तरांकडे बोट दाखवून सांगायची, "मास्तरांची बशी राहिलीय अजून." मालक हात झटकत परत जायचे.

तर अशा त्या चहाची धाकटीने धास्ती घेतली होती. कारण यंत्रापुढे बसलेली थोरली अजून थोरलीच होती. चादरीची कड तिच्या बोटांतून जशी पूर्वी सरळ निघायची तशी आजही निघत होती. बॉबिन संपली की हात आपोआप खाली जायचा, भरलेली बॉबिन घालायचा, दोरा सुईत ओवला जायचा. हातांना सगळं आठवत होतं. पण खटका पडला, हात रिकामे झाले आणि माणसं बोलायला लागली, की कुठल्या क्षणी काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता.

दोघी जावा. एकाच घरात राहायच्या, एकाच वाटेने यायच्या, समोरासमोर बसायच्या. सगळं शिवणघर त्यांना थोरली आणि धाकटी म्हणे. थोरलीला मूलबाळ झालं नाही, नवरा लवकर गेला. पोरका दीर तिने पोटच्यासारखा वाढवला, त्याचं लग्न लावलं, आणि नवी नवरी घरात बसून रडते आहे असं बघितल्यावर तिला हाताला धरून शिवणघरात आणली. "रडायचंच असेल तर पगार घेऊन रड," असं म्हणाली होती. धाकटीला सरळ टाका घालायला थोरलीने शिकवलं. तिच्या मुलीला पाळण्यात थोरलीने झोपवलं. ती मुलगी आता लग्न होऊन दूर गेली होती, आणि थोरली मधूनच विचारायची, "पोरीला शाळेत कोणी सोडलं गं आज?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा धाकटी हसली होती. नंतर हसू आलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, यांना एकटं सोडू नका. एवढं बोलून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं. एकटं सोडू नका म्हणजे काय करा, ते त्यांच्या कागदावर नव्हतं. धाकटीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आठवडेच्या आठवडे घराबाहेर. आला की थोरली त्याला बरोबर ओळखायची, ताटात वाढायची, केसांतून हात फिरवायची. तो धाकटीकडे वळून म्हणायचा, "काही झालेलं नाही वहिनीला. वय झालंय. तू उगाच बाऊ करतेस."

मागे एकदा थोरलीला ताप होता म्हणून तिला घरी ठेवून धाकटी एकटी कामावर गेली होती. संध्याकाळी परतली तर दार सताड उघडं. गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या चप्पल शिवणाऱ्याने थोरलीला आपल्या फळीवर बसवून ठेवलं होतं. एका पायात चप्पल, दुसरा पाय रस्त्याच्या धुळीने माखलेला. "आमच्या धाकटीला बघितलंत का," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती म्हणे.

त्या दिवसापासून धाकटीने ठरवलं की काही झालं तरी तिला बरोबर न्यायचं. शिवणघर हीच एक जागा होती जिथे थोरली तिच्या डोळ्यांसमोर राहू शकत होती. आणि ती तिथे राहायची तर कोणाला कळता कामा नये. जुने मालक असते तर गोष्ट वेगळी. आता त्यांची मुलगी कारभार बघायची. मॅडम वाईट नव्हत्या. सणकी नव्हत्या, कोणाला टाकून बोलत नव्हत्या. पण इस्त्रीवाल्या म्हाताऱ्याला दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी त्याला हार, पाकीट आणि गोड निरोप देऊन घरी पाठवलं होतं, आणि त्यांचा आवाज जराही हलला नव्हता.

म्हणून चहाच्या वेळी धाकटी डोळ्यांत तेल घालून बसायची. थोरलीच्या तोंडात घास असला की ती बोलणार नाही, हे तिने हेरलं होतं. बन लहान लहान तोडून एकेक तुकडा पुढे करत राहायची. कोणी थोरलीला काही विचारलं की उत्तर हिच्या तोंडून. कधी मुद्दाम भांडण उकरून काढायची, कधी शिळे विनोद पुन्हा सांगायची. सगळे उठले की तिच्या कपातला चहा गार होऊन वर साय धरलेली असायची.

काज करणारी बाई शेजारच्या जोडीतली. जीभ सुईसारखी. एकदा म्हणाली, "काय गं धाकटे, हल्ली थोरल्या ताईंना तोंड उघडू देत नाहीस. वकील लागलीस का त्यांची?"

"त्यांचा घसा बसलाय."

"महिनाभर?"

"तुझा कधी बसतोय याची वाट बघतोय सगळे," धाकटी म्हणाली. बटणं लावणारी, काजवालीची जोडीदारीण, चहा नाकात जाईपर्यंत हसली. काजवालीही हसली. पण तिची नजर धाकटीच्या चेहऱ्यावरून हलली नाही. थोरली सगळ्यांकडे बघून हसत होती, विनोद कळल्यासारखी.

मग एक दिवस थोरलीने खटका दोनदा पाडला.

चहा झाला होता, बशा धुऊन पालथ्या घातल्या होत्या, यंत्रं सुरू होऊन बराच वेळ झाला होता. थोरली उठली, पाय झटकले, दाराकडे निघाली. धाकटीला वाटलं, पाणी प्यायला चालली असेल. आणि घरघर थांबली. अर्ध्या टाक्यात सुया अडकल्या. थोरली हात झटकत वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला गं, किटली आली का बघा."

कोणी हललं नाही. तेवढ्यात कटिंगच्या टेबलाकडून मास्तर बोलले, "बरं झालं थोरल्या ताई, वेळेवर बंद केलंत. माझ्या कटरचा पट्टा सरकला होता, ओरडणारच होतो." आणि ते खरंच खाली वाकून पट्टा चाचपायला लागले. बायकांनी पाणी प्यायलं, बोटं मोडली. थोड्या वेळाने मास्तरांनीच जाऊन खटका वर केला. थोरली जागेवर येऊन बसली आणि हाताने अडकलेली सुई अलगद सोडवून घेतली.

त्या संध्याकाळी घरी येताना धाकटी म्हणाली, "ताई, उद्यापासून खटका मी पाडत जाऊ? तुमचे खांदे दुखतात."

थोरली रस्त्यात थांबली. "का? मी मेले का?"

"तसं नाही हो."

"मग कसं?" तिचे डोळे एकदम जुन्यासारखे, धारदार झाले. "शिवणघरात मी तुला आणली. तू मला उठवणार होय गं?"

धाकटी गप्प बसली. हाच तो बोलायचा दिवस होता असं तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं. मास्तरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पेटीला कुलूप लावा म्हणता आलं असतं. पण सांगितलं की कळणार, कळलं की मॅडमपर्यंत जाणार, आणि मॅडमपर्यंत गेलं की दार, रस्ता, एका पायातली चप्पल. तिने तोंडाला कुलूप लावलं आणि जीव मुठीत धरून रोजचा चहा पार पाडत राहिली.

मास्तरांची एक सवय होती. खटका पडला की ते लगेच चहाला येत नसत. कटरच्या पात्याजवळ कापडाची लव साठून गोळा व्हायची, ती यंत्र बंद असतानाच काढता यायची. म्हणून आधी ते बोटाने ती लव काढायचे, मग हात धुऊन बशीशी यायचे. त्यांचा अर्धा बन नवा इस्त्रीवाला झाकून ठेवायचा. सगळ्यात शेवटी रिकामी व्हायची ती त्यांची बशी.

त्या दिवशी बटणवालीने आपल्या नवऱ्याची गंमत काढली. त्याने म्हणे बायकोवर छाप पाडायला स्वयंपाक केला आणि मिठाऐवजी धुण्याचा सोडा घातला, आणि चुकलंय हे कबूल करायचं नाही म्हणून फेस येईपर्यंत एकटाच खात बसला. काजवाली म्हणाली, "मग काय, आतून लख्ख झाला असेल. तसाच राहू दे, इस्त्री तेवढी करून घे." धाकटीला हसू फुटलं. खरंखुरं, पोट धरून. किती दिवसांनी ती हसत होती, डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला तिने रुमाल डोळ्यांना लावला.

रुमाल खाली घेतला तेव्हा समोर थोरली नव्हती. यंत्रांची घरघर सुरू झालेली होती, आणि कटिंगच्या टेबलाकडून एक आवाज आला, माणसाचा आहे असं ओळखू येऊ नये असा.

कटरचं स्वतःचं बटण मास्तरांनी बंद केलेलं नव्हतं. कधीच करत नसत, खटका पडलेला असताना कशाला करायचं. पातं फिरलं ते बोटाचं टोक घेऊनच. चादरींच्या पांढऱ्या थरांवर लाल पसरत गेलं, वरच्यातून खालच्यात झिरपत गेलं. इस्त्रीवाल्याने धावत जाऊन खटका खाली पाडला. काजवालीने हातातला अभ्रा मास्तरांच्या हाताला गुंडाळून घट्ट धरला. मास्तर पांढरे पडले होते आणि म्हणत होते, "माझाच गाढवपणा. माझाच. बटण चालू ठेवलं मी."

थोरली पेटीपाशी उभी होती. तिने सगळ्यांकडे बघितलं, मग मास्तरांच्या झाकलेल्या बशीकडे बघितलं आणि संतापली.

"कोणी वर केला खटका?" ती म्हणाली. "बशी राहिलीय ना मास्तरांची. कितीदा सांगायचं, बशा रिकाम्या झाल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की सगळ्यांना कळलेलं होतं. फार दिवसांपासून. जशी ती थोरलीला सांभाळत होती, तशी ही सगळी मिळून त्या दोघींना सांभाळत होती, आणि त्या सांभाळण्यापायी मास्तरांचं बोट गेलं होतं.

मॅडम धावत आल्या. मास्तरांना गाडीत घालून पाठवलं. मग दारात उभ्या राहिल्या. "यंत्र कोणी सुरू केलं?"

"मी," काजवाली म्हणाली. हाताला रक्त होतं, ते झग्याच्या तुकड्याला पुसत होती. "मला वाटलं, झाला सगळ्यांचा चहा."

धाकटीने तिच्याकडे बघितलं. काजवालीच्या घरी अंथरुणाला खिळलेला सासरा होता आणि कमावणारी ती एकटी. ती मॅडमच्या नजरेला नजर देऊन उभी होती. धाकटी गप्प राहिली असती तर तेही निभावलं असतं कदाचित. उद्याही थोरलीला घेऊन येता आलं असतं. आणि परवा कोणाचा तरी हात.

"ती नाही मॅडम," धाकटी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "आमच्या ताईंनी केलं. त्यांना आठवत नाही. त्यांना हल्ली काही आठवत नाही. मी लपवलं."

थोरलीने आधी मॅडमकडे बघितलं, मग धाकटीकडे. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. लहान मुलाचा भरगर्दीत कोणी हात सोडावा तसं काहीतरी होतं.

"मी?" ती म्हणाली. "मी तर बसून आहे. तू असं कशाला सांगतेस गं यांना?"

मॅडमनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. धाकटीला बाहेर बोलावून म्हणाल्या, "तुम्ही या. तुमची जागा आहे. पण त्यांना उद्यापासून आणू नका." आणि मग जरा थांबून, "घरी कोणी आहे ना बघायला?"

धाकटी हो म्हणाली. का म्हणाली, तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुठल्यातरी घाटात उभा होता, मागे हॉर्न वाजत होते.

"वहिनीला कोंडून ठेवणार तू?" तो म्हणाला. "जिने मला वाढवलं तिला?"

"मग तुम्ही या आणि बसा त्यांच्याजवळ."

"गाडी सोडून येऊ? खायचं काय?"

"तेच विचारतेय मी," धाकटी म्हणाली. मग तो म्हणाला, "दाराला बाहेरून कडी घाल. खिडकी उघडी ठेव." आणि फोन बंद झाला. तो रडत असावा असं तिला वाटलं, पण तिच्याजवळ त्याच्यासाठी काही शिल्लक नव्हतं.

सकाळी तिने गॅसची टाकी बंद करून रेग्युलेटर काढून घेतला. कात्री, सुऱ्या कपाटात घातल्या. जेवणाचा डबा टेबलावर ठेवला. थर्मासमध्ये चहा भरला, शेजारी बशी ठेवली आणि बशीत बेकरीतून आणलेला एक बन. शेजारणीच्या हातापाया पडून तिला मधूनमधून खिडकीतून डोकवायला सांगितलं. थोरली तयार होऊन, केस विंचरून, पायात चपला घालून दारात उभी होती.

"चल, उशीर होतोय."

"ताई, आज तुम्हाला सुट्टी आहे."

"आणि तुला?"

धाकटी बाहेर आली. बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं. आतून थोरलीने दार एकदाच वाजवलं, हळूच, कोणाच्या घरी पाहुणं म्हणून जावं तसं. धाकटी गल्ली संपेपर्यंत मागे न बघता चालत राहिली.

शिवणघरात पेटीला नवं कुलूप लागलं होतं आणि छताखाली घंटा बसवली होती. घंटा वाजली, यंत्रं थांबली. कोणी जांभई दिली नाही. धाकटीच्या बशीत अख्खा बन होता. तिने तो मधोमध तोडला आणि अर्धा समोर सरकवला, सवयीने. समोरची खुर्ची रिकामी होती. काजवाली आपला कप घेऊन उठली आणि त्या खुर्चीत येऊन बसायला लागली, तशी धाकटी म्हणाली, "नको. बसू नकोस तिथे." काजवाली उभ्यानेच चहा प्यायली, तिच्या शेजारी. मास्तरांचं काही कळलं नव्हतं. तो अर्धा बन शेवटी कोणी खाल्ला नाही, घंटा मात्र वेळेवर वाजली.

संध्याकाळी ती गल्लीत शिरली तेव्हा सगळ्या घरांत दिवे लागले होते. तिच्या खिडकीत अंधार. शेजारीण ओट्यावरच थांबली होती.

"मी डोकावले गं चार-पाचदा," ती म्हणाली. "बसल्यात नुसत्या. हाक मारली तर हाताने थांब म्हणतात. दिवे का नाहीत ते काही कळेना."

धाकटीने कुलूप काढलं. किल्ली दोनदा निसटली. आत फ्रिजचा आवाज नव्हता. फ्रिजखालून पाण्याचा ओघळ आला होता. दारामागच्या मीटरच्या पेटीतला मोठा खटका खाली पाडलेला होता, आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून, पाठ ताठ ठेवून थोरली बसली होती. जेवणाचा डबा होता तसाच. टेबलावर दोन कप. थोरलीचा रिकामा, दुसरा काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. बशीत बनचा अर्धा तुकडा, वर दुसरी बशी पालथी घातलेली.

"किती वेळ लावलास," थोरली म्हणाली. "तुझी एकटीची बशी राहिलीय. सगळे खोळंबलेत."

धाकटी दाराला टेकून उभी राहिली. दुपारचं ऊन त्या खोलीतून आलं होतं आणि गेलं होतं. शेजारीण हाका मारून गेली होती. भूक लागली असेल, तहान लागली असेल, आणि हिचा मधला चहा दिवसभर संपला नव्हता, कारण धाकटीचा अर्धा बन बशीत होता.

"ताई, तुम्ही जेवला नाहीत?"

"जेवणाची सुट्टी अजून कुठे झालीय?" थोरली म्हणाली. "खा आधी तू."

धाकटीने तो अर्धा बन खाल्ला. गार चहाबरोबर ढकलला. शेवटचा घास गिळल्यावर थोरली उठली, पाय झटकले, दोन्ही हातांनी खटका वर केला. फ्रिज हिसका देऊन सुरू झाला. दिव्याच्या उजेडात थोरलीचे ओठ वाळून फुटलेले दिसले.

रात्रभर धाकटी विचार करत राहिली आणि सकाळी तिला तोड सुचली. साधी तोड. तिने घरीच बन मधोमध कापला आणि बशीत अर्धाच ठेवला. कपही एकच ठेवला. "ताई, माझा अर्धा मी खाल्लाय," तिने थोरलीला बजावून सांगितलं, बशी तिच्या नाकासमोर धरून. "हा बघा, हा तुमचा. एवढाच आहे. हा खाऊन टाकला की खटका वर करायचा आणि जेवायचं. माझ्यासाठी थांबायचं नाही. कळलं?"

"कळलं," थोरली म्हणाली. "मला काय कळत नाही होय?"

त्या दिवशी शिवणघरात धाकटीने चादरीच्या चादरी वाकड्या शिवल्या. घंटा वाजली तेव्हा ती उठलीच नाही. काजवालीने बशी यंत्रावर आणून ठेवली, तरी ती खिडकीबाहेर बघत राहिली. आता खाल्ला असेल. आता कप धुतला असेल. आता खटका वर केला असेल. सुटी झाली तशी ती घराकडे धावत सुटली. चप्पल शिवणाऱ्याने हाक मारली ती तिला ऐकू आली नाही.

गल्लीत दिवे होते. तिच्या खिडकीत अंधार.

थोरली खुर्चीवर होती, कालच्यासारखीच ताठ. डबा उघडलेला नव्हता. एकच कप होता, तो अर्धा पिऊन ठेवलेला. धाकटीने पालथी बशी उचलली. सकाळी ठेवलेला अर्धा बन थोरलीने पुन्हा मधोमध तोडला होता. अगदी सारखा, जशी ती चादरीची कड दुमडायची. एक तुकडा खाल्ला होता. दुसरा बशीत होता.

"किती वेळ लावलास," थोरली म्हणाली आणि उठून पेटीपाशी जाऊन उभी राहिली. तिने भिंतीचा आधार घेतला.

धाकटीने तो तुकडा तोंडात घातला. कडक झाला होता. चावला जाईना, गिळवेना. खटक्यावर हात ठेवून थोरली तिच्या तोंडाकडे बघत होती, कधी संपतंय म्हणून.